निळी टिक दिसली नाही, तर नोटीस पोहोचली नाही का?

प्रश्न : सेलूच्या (जि. परभणी) मोंढ्यात माझे आडत दुकान आहे. नांदेडच्या एका खरेदीदाराने सोयाबीनपोटी दिलेला धनादेश अपुऱ्या शिलकीमुळे परत आला. बँकेचा मेमो हाती येऊन 18 दिवस झाले. पैशांची मागणी करणारी नोटीस मी ईमेलने आणि व्हॉट्सॲपवर पाठविली. दोन राखाडी टिक दिसतात, पण त्या निळ्या होत नाहीत. फोन केला तर तो म्हणतो, ‘मी काही वाचलेच नाही.’ त्याने नोटीस वाचली, हे सिद्ध कसे करावे? त्याच्या मेलचा पासवर्ड मिळवता येईल, असे माझा भाचा म्हणतो.

उत्तर : सर्वप्रथम, भाच्याला आजच थांबवा. दुसऱ्याच्या ईमेल खात्यात परवानगीशिवाय शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे आपले अडकलेले असताना आरोपी आपणच होणे परवडणारे नाही.

त्याने नोटीस वाचली हे सिद्ध करण्याची आपल्याला गरजही नाही. त्याच कायद्याच्या कलम 13 नुसार, संदेश स्वीकारण्यासाठी एखाद्याने ईमेल पत्ता नेमून दिलेला असेल, तर त्या पत्त्याच्या यंत्रणेत संदेश दाखल होताच तो मिळाला असे धरले जाते. तो उघडून वाचला पाहिजे, अशी अट तेथे नाही. आपण प्रश्नासोबत जोडलेल्या त्याच्या लेटरहेडवर दुकानाच्या नावाखाली हाच ईमेल पत्ता छापलेला आहे आणि माल मिळाल्याचे त्याने याच पत्त्यावरून कळविले होते. ही दोन्ही कागदपत्रे कोणत्याही निळ्या टिकपेक्षा मोलाची आहेत, ती जपून ठेवा.

दोन राखाडी टिक म्हणजे संदेश त्याच्या फोनपर्यंत पोहोचला. वाचल्याची खूण देण्याची सोय समोरच्याने बंद केलेली असेल, तर त्याने संदेश दहा वेळा वाचला तरी टिक निळी होत नाही; त्यामुळे तिच्या अभावावरून काहीच ठरत नाही. ईमेल उघडल्याचे कळविणाऱ्या सेवांवरही विसंबू नका. त्या मजकुरात एक अदृश्य चित्र ठेवतात आणि ते उतरवले गेले की ‘उघडला’ अशी नोंद करतात. पण ॲपलच्या मेलमधील 2021 पासूनची गोपनीयतेची सोय सुरू असेल, तर मेल न उघडताही ते चित्र आपोआप उतरते. टिक निळी झालीच, तर तिचा उपयोग जरूर होतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका वसुली प्रकरणात, व्हॉट्सॲपवर पाठविलेली पीडीएफ नोटीस पोहोचली आणि उघडलीही गेली हे खुणांवरून दिसते, म्हणून तिची बजावणी मान्य केली होती.

आपल्या प्रकरणात खरी काळजी मुदतीची आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 (धनादेशांविषयीचा कायदा) च्या कलम 138 नुसार बँकेकडून माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. ईमेलची नोटीस चालते असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले आहे. तरीही हाती 12 दिवस असताना केवळ त्या आधारावर राहण्याचा सल्ला मी देणार नाही. तीच नोटीस उद्याच, धनादेशावरील नेमकी रक्कम लिहून, त्याच्या दुकानाच्या आणि घराच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पोहोचपावतीसह टपालाने पाठवा. योग्य पत्त्यावर रीतसर पाठविलेले टपाल पोहोचले असे गृहीत धरले जाते. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत आले, तरी बजावणी झाल्याचेच सामान्यतः मानले जाते. नोटीस मिळालीच नाही असे म्हणणाऱ्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितले आहे. त्यामुळे त्याचा हा बचाव फार काळ टिकणारा नाही.

व्हॉट्सॲपचे संभाषण पुसू नका आणि तो फोन विकू नका. केवळ स्क्रीनशॉटची छापील प्रत न्यायालयात पुरेशी ठरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीविषयीचे प्रमाणपत्र सोबत लागते, ज्याचा एक भाग आपण आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. या प्रमाणपत्राची निकड आपल्या शेजारच्या जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातूनच देशभर पक्की झाली. तेथून निवडून आलेल्या अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, मूळ उपकरणच हजर केलेले नसेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय दिला. नवे कलम 63 त्याच्याच जागी आले आहे.

नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागेल. त्यासाठी नांदेडला जाण्याचे कारण नाही. आपण धनादेश ज्या खात्यात भरला, ते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयालाच अधिकार आहे. वकिलाकडे जाताना मूळ धनादेश, बँकेचा मेमो, सोयाबीनचे बिल, ते लेटरहेड आणि टपालाची पावती सोबत न्या.