इंग्रज कवी टेड ह्यूज यांच्या कवितेत इतके जंगली प्राणी का येतात?

कारण त्यांच्या आयुष्यात प्राणी आधी आले, कविता मागाहून. जन्म १९३० चा, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधला. दहा वर्षांनी मोठा असलेला भाऊ जेराल्ड बंदूक घेऊन टेकड्यांवर निघाला की धाकटा टेड मागे मागे. पडलेलं सावज उचलून आणणं हे त्याचं काम. पंधराव्या वर्षाच्या आसपास मात्र मन पालटलं. आपण या जिवांच्या जगण्यात ढवळाढवळ करतोय, असं त्याला वाटू लागलं. त्याच सुमारास तो कविता लिहू लागला. प्राणी पकडणं आणि कविता लिहिणं ही मुळात एकच ओढ आहे, असं पुढे त्यांनीच सांगितलंय.

मला विचाराल तर 'पाइक' या माशावरची त्यांची कविता आधी वाचा. काचेच्या टाकीत तीन पिल्लं, तीन ते साडेचार इंचांची. खाऊ घालूनही एक दिवस दोनच उरतात आणि शेवटी एकच, पोट लोंबणारं, तोंडावर जन्मजात हसू. कुठे दयामाया नाही, उपदेशही नाही. निसर्गाला गोंडस न करता इतकं जवळून पाहणारे कवी फार थोडे, म्हणून मला ते मोठे वाटतात.

नंतर इंग्लंडच्याच डेव्हन भागात त्यांनी गुरं-मेंढरं पाळली. मासेमारीचा नाद तर १९९८ मध्ये जाईपर्यंत सुटला नाही. तिथल्या टॉरिज नदीच्या प्रदूषणाविरुद्धही ते तळमळीने लढले. १९८४ पासून शेवटपर्यंत ते ब्रिटनचे राजकवीही होते.