चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक डॉ. सन यत-सेन यांचं चित्र असलेला १९२९ चा चिनी नमुना डॉलर (म्हणजे चलनात आणण्याआधी चाचणीसाठी पाडलेलं नाणं, इंग्रजीत 'पॅटर्न') ऑनलाइन आठ हजारांत मिळतोय. घ्यावा का? आणि चलनातच न आलेल्या नाण्याचं एवढं कौतुक का?

आठ हजारांत? सोडा. अस्सल असता तर लिलावात लाखांत गेला असता, आणि हे विकणाऱ्याला तुमच्याआधी ठाऊक असतं.

लिहायला बसलो ते दुसऱ्या प्रश्नामुळे. आमच्या नाणेमंडळींतले एक काका वर्षानुवर्षं हेच ऐकवायचे, "बाजारात वाजलं नाही ते नाणं नव्हे, बिल्ला." आणि एका प्रदर्शनात हेच काका हाच 'डॉलर' घेऊन हजर! स्वस्तात मिळाला म्हणे. टेबलावर टणकन वाजवून म्हणाले, "ऐक, चांदी!" असेलही चांदी, हल्ली नकलाही चांदीच्या निघतात. मी भिंग लावलं. मागच्या बाजूच्या जहाजाच्या शिडांवरच्या रेघा एकमेकींत विरघळल्यासारख्या, सन यत-सेनच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत बारीक पुटकुळ्या. सरळसरळ ओतीव माल, अस्सल नाणं ओतत नाहीत, ठोकून पाडतात. काकांनी नाणं खिशात टाकलं आणि वर मलाच, "म्हणून सांगतो, पॅटर्नच्या नादी लागू नये."

वा रे न्याय! अहो, त्या १९२९ च्या डॉलरसाठी चीनने इटली, ऑस्ट्रिया, इंग्लंड, अमेरिका आणि चक्क जपानकडून साचे करून घेतले. चेहरा तोच, जहाज तेच, पण हात पाच. त्यातला एकही चलनात आला नाही. १९३२ मध्ये डॉलर निघाला त्यावर जहाजाच्या डोक्यावर तीन पक्षी आणि शेजारी उगवता सूर्य. जपानने मांचुरियावर चाल केली ती १९३१ च्या सप्टेंबरात. लोकांना सूर्यात जपान दिसला आणि पक्ष्यांत त्याची विमानं. १९३३ च्या डॉलरवरून दोन्ही गायब. ही सगळी गोष्ट नमुने या डॉलरांशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. बिल्ला म्हणे!

तुम्ही सुरुवात ब्रिटिश ट्रेड डॉलरने करा, म्हणजे पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिशांनी काढलेल्या चांदीच्या नाण्याने. १८९५ पासून आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडला, चालला चीनच्या बंदरांत. त्यावरच्या ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) त्रिशूळावर बारीक इंग्रजी 'बी' शोधा. काकांनाही चालेल, भरपूर वाजलेला आहे.

एक राहिलं. गंजलेल्या साच्यामुळे अस्सल नाण्यावरही पुटकुळ्या येतात, तेव्हा नुसत्या त्यांवरून निकाल लावू नका. आणि ट्रेड डॉलरच्याही नकला ढिगाने आहेत, वजन २६.९५ ग्रॅमच्या आसपास भरलं तरच पुढचं बोला.