सिनेमाच्या चालीवर येशूचं गाणं बसवलं तर चालेल का?

प्रश्न असा आहे: तरुण संघाला नाताळच्या कार्यक्रमात गाजलेल्या सिनेगीतांच्या चालींवर येशूची गाणी म्हणायची आहेत, ज्येष्ठ म्हणतात हे जगाचं वारं चर्चमध्ये नको, आणि दोन्ही बाजू बायबलच दाखवतात. गायनवृंद बसवणाऱ्याच्या नजरेतून उत्तर देतो.

या भांडणाला सगळ्यात जवळचा उतारा बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, अध्याय 8 ते 10. हे पत्र प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलं. तिथे वाद मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा आहे, पण पौलाने केलेले तीन भाग चालींनाही लागू पडतात. बाजारात विकतात ते मांस चौकशी न करता खा. देवळातल्या पंक्तीला बसू नका. आणि कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका.

रिक्षात, लग्नात, न्हाव्याच्या दुकानात वाजणारी सिनेमाची चाल हे बाजारातलं मांस. चाल म्हणून तिच्यात पाप नाही. शेजाऱ्याच्या आरतीची चाल मात्र तशी नाही. ती दुसऱ्याच्या पूजेची आहे. तिच्यातला देव काढून येशूचं नाव घातलं तर तुमच्या मंडळीतला नवा विश्वासणारा गोंधळतो आणि शेजारी दुखावतो. तिला हात लावू नका. अभंग-ओवीची गोष्ट वेगळी, कारण ते छंद अख्ख्या भाषेचे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच रचलं आणि रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले.

चाल धुऊन निघते हेही खरं. हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकाराचं 1601 सालचं एक प्रेमगीत होतं. 1613 पर्यंत त्याची चाल भक्तिगीताला लागली आणि आज जगभर ती उत्तम शुक्रवारी गातात. पण ते प्रेमगीत म्हणून ओळखणारी माणसं आता हयात नाहीत, म्हणून ती धुतली गेली. तुमच्या चालीची माणसं हॉलमध्ये बसलेली असतील.

म्हणून आधी एक चाचणी घ्या. पेटीवर नुसती चाल वाजवा, शब्द नकोत. समोर विशीतले तीन आणि साठीतले तीन बसवा. ओठांवर काय येतं, चेहऱ्यावर काय येतं ते पाहा. पडद्यावरचा नाच आठवून हसू फुटलं तर ती चाल बाद. मजा अशी की तरुणांना ‘जुनी, सोज्वळ’ वाटणारी चाल साठीतल्यांना तोंडपाठ असते, नायक-नायिकेसकट.

आता शब्द. सगळ्यात जास्त माती इथे होते. मूळ गाण्यातलं ‘प्रिये’ काढून ‘येशू’ घालायचं आणि बाकी नजर, मिठी, दुरावा तसंच ठेवायचं, हा आळस आहे. आधी उतारा निवडा, समजा लूक 2:8-14. त्यातल्या घटना पाच-सहा साध्या वाक्यांत लिहा आणि मगच चाल शोधा. झालेल्या गाण्यातून येशूचं नाव झाकून वाचा. उरलेलं कुणाही मुलीला म्हणता येत असेल तर पुन्हा लिहा.

मग मात्रा. बहुतेक सिनेगीतं केरव्यात, म्हणजे आठ मात्रांत, नाहीतर दादऱ्यात, सहा मात्रांत असतात. चालीत लांब ओढलेला स्वर कुठे येतो ते पेन्सिलीने खूण करा आणि तिथे अर्थाचं अक्षर आणा. नाहीतर मंडळी ‘येशूच्याऽऽऽ’ करत ‘च्या’वर लोंबकळते. श्वास कुठे तुटतो तेही बघा. समजा ओळ आहे: ‘येशूला सोडून नाही कुणी तारणारा’. कागदावर ठीक. पण चालीत ‘सोडून’वर श्वास असेल आणि मुखड्याचा तो तुकडा दोनदा म्हणायचा असेल, तर दीडशे माणसं भरल्या आवाजात गातात, ‘येशूला सोडून, येशूला सोडून’. अशी ओळ उलटी करा: ‘तारणारा कुणी नाही, येशूवाचून’. आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, असं पौलच म्हणतो (1 करिंथ 14:15).

पट्टीकडे कुणी बघत नाही आणि अंतऱ्याला घसा फाटतो. सिनेगीत कसलेल्या गळ्यासाठी असतं. मुखडा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आणि अंतरा तार मध्यमात, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘म’वर, असेल तर ते वृंदाला द्या, मंडळीला नको. मंडळीला साधारण दहा स्वरांचा पल्ला झेपतो. गाण्यातला सगळ्यात उंच स्वर पेटीवर पांढरी दोनच्या वर जाणार नाही अशी पट्टी धरा. मधलं वाद्यसंगीत चार मात्रांवर आणा. लांबलं की अर्धी मंडळी लवकर सुरू करते आणि उरलेली थांबून राहते.

कायदाही थोडक्यात सांगतो, कारण व्हिडिओ चढवल्यावरच तो आठवतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात चाल आणि शब्द या वेगवेगळ्या कृती आहेत. शब्द तुमचे असले तरी चालीवरचा हक्क तुमचा होत नाही. तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत टिकतो. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर करायला कलम 52 मध्ये सूट आहे, पण ती यूट्यूबवर चढवण्यापर्यंत ताणू नका. डाउनलोड केलेल्या कराओके ट्रॅकवर वेगळा हक्क असतो आणि थेट प्रक्षेपणात आवाज बंद पडतो तो बहुधा त्यामुळेच. पेटी-तबला घ्या, आणि तेवढं गाणं व्हिडिओतून वगळा.

ज्येष्ठांच्या विरोधाबद्दल. पौलाचं ‘अडखळण’ आणि ‘मला आवडत नाही’ यात फरक आहे. ढोलकी वाजली की कपाळावर आठी येते, ही आवड. ऑर्केस्ट्रा-बारचं आयुष्य मागे टाकून आलेल्या माणसाला तीच चाल परत तिकडे ओढते, हे अडखळण. अडखळण असेल तर गाणं सोडून द्या, चर्चा न करता. नुसती आवड असेल तर पाळकसाहेबांसमोर बसून बोला, डिसेंबर उजाडायच्या आत. कॅथलिक असाल तर मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजानुसार शब्द मुख्यतः पवित्र शास्त्रातून आणि उपासनाविधीतून घ्यायचे असतात. फादरांना विचारा, आणि सिनेमाची चाल मिस्सानंतरच्या कार्यक्रमापुरती ठेवा.

माझं मत विचाराल तर आठ गाण्यांत अशी चाल एकच, तीही उपासनेबाहेर. तरुणांना स्वतःचं काही हवं असेल तर अभंग रचायला बसवा. मोठ्या अभंगाची अक्षरं 6-6-6-4, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक:

आला येशू राजा । गव्हाणीत बाळ ।
जगाचा सांभाळ । करावया ॥

एका संध्याकाळी चार कडवी होतात आणि कॉपीराइटचा प्रश्नच येत नाही.

आणि तरीही सिनेमाची चाल घेतलीत, तर गाण्याच्या कागदावर वर ठळक अक्षरांत ‘चाल: अमुक सिनेमा’ लिहू नका. पौलाचा तिसरा भाग आठवा, मुद्दाम सांगितलं तर. वर फक्त ‘काळी दोन, केरवा’ लिहा. संगीतकाराचं नाव तळाशी, बारीक अक्षरात.