आकडे एका घराने सरकलेत

प्रश्न : जुना, शटरला कापडी पडदे असलेला, पूर्ण यांत्रिक एसएलआर (लेन्समधूनच बघायचा) फिल्म कॅमेरा घेतलाय. निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट येतात. शटरच्या वेगाची डायल ६० वर (म्हणजे १/६० सेकंद) ठेवून फ्लॅश वापरला की फोटोची एक बाजू काळी. ‘बी’वर बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहायला हवं, पण दाबून धरलं तरी शटर सेकंदभरात मिटतं. डायल ‘बी’च्या पुढे आणखी एक खटका फिरते, पण १००० खुणेपर्यंत पोचतच नाही. शटर गेलं का?

उत्तर : शटर ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. ‘बी’च्या पुढच्या त्या कोऱ्या जागी डायल न्या, फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढा आणि बटण दाबून धरा. बोट उचलेपर्यंत पडदा उघडा राहिला तर खरी ‘बी’ तीच. आधी कुणीतरी डायल काढून बसवताना एक घर चुकलंय. तुमचं ६० म्हणजे प्रत्यक्षात १२५. प्रकाश निम्माच मिळतो, म्हणून निगेटिव्ह पातळ. शिवाय त्या वेगाला शटरच्या दोन पडद्यांपैकी पहिला पूर्ण सरकायच्या आत दुसरा निघतो, म्हणून फ्लॅशला एक बाजू झाकलेली राहते.

फिल्म काढून ठेवा, पाठ उघडा, डायल खऱ्या ‘बी’वर न्या. डायलच्या कडेला बिनडोक्याचे बारीक स्क्रू असतात, बहुधा तीन. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत नेमकं बसणारंच घ्या. सैल पात्याने सोललेल्या खाचा मी फार पाहिल्यात, आणि दरवेळी हळहळतो. अर्धा फेरा सैल करा, बाहेर काढू नका. डायल वर उचलू नका, कारण काही मॉडेलांत खाली लाइट मीटरचा दोरा असतो. नुसती फिरवून छापलेला ‘बी’ खुणेसमोर आणा. फिरवताना खटका जाणवला तर डायल ज्यावर बसते तो आतला दांडाही फिरला. मग खरी ‘बी’ पुन्हा शोधायची.

आता एकच स्क्रू हळू आवळा. त्याचं टोक दांड्यावरच्या जुन्या खळगीत उतरलं, तर डायल केसभर हलून आपोआप जागेवर बसते. बोटांना ते स्पष्ट कळतं. कारखान्यात बसवलेली जागा बहुधा तीच.

मग लेन्स काढा, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे रोखा, फ्लॅश जोडा आणि पाठीमागून बघत बटण दाबा. ६० ला अख्खी चौकट उजळली, १२५ ला एका कडेची पट्टी काळी राहिली आणि १००० खुणेसमोर आलं, की उरलेले स्क्रू आवळा.