पाचारण : केलं की झालं?

प्रश्न असा आहे : वसईच्या मैत्रिणीचा निरोप आला, ‘धाकट्या भावाला पाचारण झालंय, सेमिनरीत चाललाय.’ (सेमिनरी म्हणजे फादर होण्याचं शिक्षण देणारी संस्था.) पाचारण तर पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला करतात ना? आणि ‘केलं’ऐवजी ‘झालं’ का?

निरोपातली मराठी अगदी बरोबर आहे. पाचारणे म्हणजे बोलावणे. आग लागली, दंगल पेटली की बातमीदार या शब्दाला हमखास पाचारण करतात, त्यामुळे तो खाकी वाटू लागला, एवढंच. मराठी बायबलात मात्र तो येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रांत वारंवार भेटतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातला चौथा अध्याय पाहा : पाचारणाला शोभेल असं वागा, असं तो सांगतो. वसईच्या कॅथलिक घरांतून फादर किंवा सिस्टर होण्याची जी आतली ओढ असते, तिला हाच शब्द आहे.

‘झालं’मध्ये खरी गंमत आहे. करिअर आपण निवडतो, तिथे कर्ता ‘मी’. पाचारण ‘मला’ होतं. बोलावणारा देव, म्हणून त्याचं नाव घ्यायची गरजही पडत नाही. पण हाक कुणाची हे लगेच कळतंच असं नाही. जुन्या करारातला पोरगा शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा म्हाताऱ्या याजक एलीकडे धावत जातो, ‘तुम्ही बोलावलंत ना?’ हाक देवाची आहे हा उलगडा तिसऱ्या खेपेला होतो, तोही एलीला. योहानाच्या शुभवर्तमानात मित्रच मित्राला येशूकडे ओढून नेतो. नथनेल नाक मुरडतो तेव्हा फिलिप वाद घालत नाही. ‘येऊन पाहा,’ एवढंच म्हणतो.

बोलीत हा शब्द फादर-सिस्टरांपुरता आक्रसला आहे. अर्थानं तो तेवढा अरुंद नाही, संसारही पाचारणच. इटलीतल्या तुरीनचा पिएर जॉर्जो फ्रासाती पुरोहित झाला नाही. खाणकामगारांसाठी काही करता यावं म्हणून खाण अभियांत्रिकी शिकत राहिला. 1924 मध्ये डोंगर चढणाऱ्या दोस्तांची त्यानं टोळी जमवली. तिच्या इटालियन नावाचं आपल्या बातम्यांच्या मराठीत भाषांतर होईल ‘संशयित इसम’! (म्हणजे पाचारणाला पुन्हा पोलीस आलेच.) 1925 मध्ये पोलिओनं तो चोविसाव्या वर्षी गेला. सप्टेंबर 2025 मध्ये पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं.

आता उत्तरात काय लिहावं? ‘पाचारण मिळाल्याबद्दल अभिनंदन’ नको. ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं, आणि हाक खरी की भास, हे पारखायलाच तर सेमिनरीतली वर्षं असतात. कुणी अर्ध्यावर परतला तरी त्यात नामुष्की नाही. ‘त्याच्यासाठी प्रार्थना करतो’ किंवा नुसत्या शुभेच्छा पुरेत. अभिनंदन गुरुदीक्षेच्या, म्हणजे प्रत्यक्ष फादर होण्याच्या, दिवसासाठी राखून ठेवा.