कवटीचे हाड पुन्हा वाढते का?

प्रश्न : माझा पुतण्या सात वर्षांचा आहे. गच्चीवरून पडल्यावर मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी त्याच्या कवटीचा तुकडा काढावा लागला. नंतर तो परत बसवला, परंतु आता तो विरघळत चालल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसते. चरबीतील स्टेम सेल वापरून नवे हाड वाढवून देऊ, असे एक खासगी दवाखाना सांगतो. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तथ्य आहे, पण जाहिरातीत सांगितले जाते तेवढे नाही. तान्ह्या बाळाच्या कवटीतील खिंडार बरेचदा आपोआप भरून येते, कारण मेंदूवरील ड्यूरा हे आवरण नवे हाड तयार करते. वयाच्या साधारण दोन वर्षांनंतर ही क्षमता ओसरते.

तुमच्या पुतण्यासारखीच अवस्था असलेल्या सात वर्षांच्या एका मुलीवर जर्मनीतील गीसेन येथे केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. परत बसवलेले हाड जंतुसंसर्गाने खराब झाले होते आणि कमरेच्या हाडातून मिळणारा भुगा एवढी मोठी जागा भरायला अपुरा होता. म्हणून शल्यचिकित्सकांनी तो भुगा खिंडारात भरून तिच्याच चरबीतून वेगळ्या केलेल्या मूळ पेशी (म्हणजेच स्टेम सेल, ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात) त्याच शस्त्रक्रियेत त्यावर सोडल्या, तिच्याच रक्तापासून केलेल्या फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या गोंदाने त्या जागी धरून ठेवल्या आणि शरीरात विरघळणाऱ्या सच्छिद्र पातळ आवरणांनी सारे झाकले. तीन महिन्यांनी कवटी जवळजवळ सलग झालेली दिसली.

मात्र ही एकाच रुग्णाची हकिकत आहे, आणि कमरेचे हाड व पेशी एकत्र वापरल्याने हाड नेमके कशामुळे वाढले हे त्यावरून ठरवता येत नाही. 2009 मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका मुलाची गालाची हाडे घडवताना दात्याचे हाड, चरबीतील पेशी आणि हाडवाढीला चालना देणारे प्रथिन असे तिन्ही वापरले गेले. तिथेही तोच पेच उरतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकार इत्यादींसाठीचे अस्थिमज्जारोपण वगळता मूळ पेशींचा असा वापर केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) करता येतो, आणि चाचणीतील रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेणे अपेक्षित नाही. तेव्हा दवाखान्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची मंजुरी मागा. पॅकेजचा दर आधी सांगितला जात असेल, तर तिथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी बालमेंदूशल्यचिकित्सकांना विचारा की, कवटीच्याच हाडाचे दोन थर वेगळे करून एक वापरण्याइतकी पुतण्याची कवटी जाड आहे का, की मापानुसार बनवलेले कृत्रिम रोपण सोयीचे ठरेल. निर्णय होईपर्यंत खेळताना संरक्षक टोपी घालावी का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.