तिकिटामागचे सुट्टे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर वीस मिनिटं बोललास आणि मी नुसता 'हं, हं' करत राहिलो. फोनवर मला सुचत नाही. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. तिथलं बोलणं म्हणजे 'पुढं सरका' आणि 'सुट्टे द्या'. म्हणून कागद घेतला. तुझे वडील आणि मी अकरा वर्षं एका गाडीवर होतो. ते स्टेअरिंगवर, मी डबल बेल मारायला. आज ते असते तर त्यांनी हेच तुला दोन शिव्या घालून चार वाक्यांत सांगितलं असतं. मला लांबण लागते, सांभाळून घे.

तू म्हणालास, "काका, आम्ही घरातल्या कामांचा तक्ता करून फ्रिजवर लावलाय. निम्मी तिची, निम्मी माझी. माझी मी सगळी करतो. तरी ती म्हणते सगळं माझ्याच डोक्यावर आहे. घरात असा पै-पैचा हिशोब असतो का?"

शेवटचं वाक्य ऐकून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. हे वाक्य माझं आहे. साल 1996, आमच्या कराडच्या दोन खोल्या.

पण आधी सुट्ट्या पैशांचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हा तिकिटाचं यंत्र नव्हतं. हातात तिकिटांचा ट्रे, बोटात पंच, खांद्याला पिशवी. सकाळच्या पहिल्या गाडीला सगळे नोट काढायचे. मग तिकिटाच्या मागं पेनानं आकडा लिहायचा, 'दोन रुपये राहिले, उतरताना घ्या.' कराडहून गाडी सुटली की पाटणपर्यंत निम्म्या गाडीच्या तिकिटांमागं माझं देणं लिहिलेलं असायचं. आता मजा बघ. ज्याचे दोन रुपये यायचे असत त्याला ते मल्हारपेठेपासून आठवत राहायचे. खिडकीबाहेर बघायचा, पण तिकीट मुठीत. मी जवळून गेलो की घसा खाकरायचा. आणि मला? मला त्याची आठवणसुद्धा नसायची. पिशवी जड होती, एवढंच मला कळायचं. तो मागायला आला की मनात यायचं, काय हा माणूस, दोन रुपड्यांसाठी जीव टाकतोय!

आता 1996. मुक्कामी गाडीवर होतो. संध्याकाळी खोऱ्यातल्या एखाद्या गावात गाडी न्यायची, रात्री गाडीतच नाहीतर देवळात पडायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. पाटणच्या बाजूचा पाऊस तू बघितलायस. ओल्या गोधडीत डास मारत मी मनातल्या मनात हिशोब मांडायचो की मी घरासाठी किती काढतो. घरी आलो की तो आकडा माझ्या चेहऱ्यावर असायचा. हे मला वाटतं ते नाही, तुझ्या काकूनं नंतर सांगितलेलं. म्हणायची, "दारात पाऊल टाकलं की तुमचं तोंड उधारी वसूल करायला आल्यासारखं."

एकदा धाकटीला दोन दिवस ताप होता. मी आलो, चपला काढल्या आणि विचारलं, "जेवायला काय आहे?" काकू काही बोलली नाही. थोरल्याच्या वहीचं मधलं पान फाडलं आणि त्यावर वेबिल मांडलं, म्हणजे आम्ही कंडक्टर फेरीच्या तिकिटांचा आणि पैशांचा हिशोब भरतो तो कागद. चेष्टा नाही, खरंच वेबिल. माझं बघून बघून तिला रकाने पाठ झाले होते. पहाटे पाचला नळ. सहाला डबे. मग शाळा, माझ्या आईचं औषध, दुपारी शिलाई मशीन, ब्लाउजचे इतके, फॉल-बीडिंगचे इतके. रात्री ताप मोजणं, दर दोन तासांनी. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. मी आयुष्यभर बेरजा तपासलेला माणूस, डोळे आपोआप शेवटच्या ओळीवर गेले. कॅश शॉर्ट. आमच्यात कॅश शॉर्ट आली की कंडक्टर पदरचे भरतो. मी काय केलं? मी म्हणालो, "घरात कसला हिशोब करतेस?"

ती म्हणाली, "ज्याच्या पिशवीत दुसऱ्याचे सुट्टे असतात ना, त्याला हिशोब नकोच असतो."

यावर मी जेवलो नाही. म्हणजे रागानं नाही. जेवण केलेलंच नव्हतं.

तर बाबा, बायको मोजायला लागली की ती कोत्या मनाची झाली असं समजू नकोस. मोजायची हौस कुणालाच नसते. भरपूर दिवस कुणी विचारलं नाही की माणूस मुठीतलं तिकीट उघडून दाखवतो, तेही घसा खाकरून खाकरून दमल्यावर.

तू म्हणशील, आमचा तक्ता तर निम्मा-निम्मा आहे. मान्य. भांडी तुझी, दूध तुझं, रात्री दोनचं लंगोट बदलणंही तुझं. आमच्या पिढीत हे ऐकलं असतं तर चहाच्या टपरीवर महिनाभर तोच विषय झाला असता, तेव्हा तू आमच्यापेक्षा पुष्कळ बरा. पण परवा मी सहज विचारलं, बाळाची दीड महिन्याची लस झाली, आता अडीच महिन्यांची कधी? तू म्हणालास, "थांबा काका, तिला विचारतो."

तुझ्या फ्रिजवर हा रकाना नाही. लक्षात ठेवणं. लस कधी, डबा कुठला संपत आला, कुणाच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचंय, तुझ्या आईची गोळी दुकानात मिळाली का. हे काम दिसत नाही आणि त्याची कुणाला सुट्टी नसते. तू सांगितलेलं काम करतोस, पण सांगण्याचं काम कोण करतंय? ड्रायव्हर गाडी मारतो खरा. कुठल्या थांब्यावर कोण उतरणार, हे दुसऱ्याच माणसाच्या डोक्यात असतं. चार महिने लशीची तारीख तू डोक्यात ठेवून बघ. नुसती एक तारीख. फोनमध्ये घंटा लावून नव्हे, डोक्यात.

त्या दिवसानंतर मी सुधारलो असं लिहिलं तर तुझी काकू हे पत्र फाडेल. सुट्टीच्या दिवशी पहाटेचं पाणी भरायला लागलो, एवढंच. त्यावर माझी आई आठ दिवस रुसली, "माझा लेक नळावर!" नळावरच्या बायका घागर बाजूला घ्यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. आणि मी काय करायचो माहीत आहे? डेपोत जाऊन दहा जणांना सांगायचो की आज पाणी मी भरलं. तिनं पंधरा वर्षं भरलं, एकालाही सांगितलं नाही. माणूस आपण दिलेलं मोठ्या अक्षरात लिहितो, घेतलेलं पेन्सिलीनं.

तुझ्या आईचं आणि तुझ्या बायकोचं जे चाललंय, गुटी द्यायची की नाही, काजळ घालायचं की नाही, त्याबद्दल थोडं. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. एका जागेवर दोन रुमाल पडले की भांडण ठरलेलं. सुरुवातीला मी म्हणायचो, "आपसात मिटवा." मिटायचं नाही. भांडण कोयनानगरपर्यंत गाडीतून फुकट प्रवास करायचं आणि उतरताना दोघं मिळून शिव्या मला. तुझ्या बाळावर दोन रुमाल पडलेत. 'तुम्ही दोघी बघा' म्हणून आतल्या खोलीत जाऊ नकोस. डॉक्टर गुटीला आणि काजळाला नको म्हणालेत ना? मग ते आईला तू सांग. सुनेच्या तोंडून गेलं तर तो अपमान होतो, लेकाच्या तोंडून गेलं तर नुसता राग येतो. राग दोन दिवसांत उतरतो. आणि आईला काहीतरी दे, रिकाम्या हातानं उठवू नकोस. अंघोळ तिच्याकडं ठेव, अंगाई तिच्याकडं ठेव.

आणखी एक, विषय थोडा सुटतोय, पण बाळ मोठं व्हायच्या आधी सांगून ठेवतो. बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. त्यामुळं मी हजारो आया पाहिल्या ज्यांची मुलं बाराच्या पुढं जायचीच नाहीत. एक बाई म्हणाली, "अकरावं चालू आहे." मुलाला मिसरूड फुटायला आलेली. तो मोठ्यानं म्हणाला, "आई, मी आठवीत आहे!" गाडी हसली. मीही हसलो, पूर्ण तिकीट फाडलं. तिच्याबद्दल चार दिवस सगळ्यांना सांगितलं.

त्याच सुमारास, पौषात, पालच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो. थोरला सात वर्षांचा. पाळण्यावाला पाचच्या आतल्यांना फुकट बसवत होता. मी वाकून त्याच्या कानात म्हणालो, "चार सांग." त्यानं सांगितलं. अंगभर भंडारा, हातात बत्तासे, पोरगं खूश. रात्री झोपताना मला विचारलं, "बाबा, मी खरं किती वर्षांचा आहे?" चेष्टेनं नाही, त्याला खरंच कळेना. मी म्हणालो, झोप. त्याला उत्तर दिलं नाही ते नाहीच. आता तो छत्तीस वर्षांचा आहे आणि दर पौषात यात्रेच्या सुमाराला फोन करून म्हणतो, "बाबा, यंदा किती सांगू?" हसतो, पण विसरलेला नाही. मुलांच्या तिकिटामागं लिहिलेलं पुसत नाही.

येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय. काकूनं हळिवाचे लाडू केलेत, ते सुनेसाठी आहेत, तू डब्याला हात लावायचा नाहीस असं तिनं बजावलंय. एसटीनंच येऊ. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ती खिडकीची जागा घेते आणि मला सांगते, "जन्मभर काम पूर्ण तिकिटाचं केलं, आता जरा अर्ध्यात बसू दे."

हे पत्र तिला वाचून दाखवलं. गुटीचं पटलं म्हणाली. पाण्याच्या ओळीला मात्र थांबवलं. "सुट्टीच्या दिवशी भरायचात, बरोबर. पण मे महिन्यात पाणी रात्री दोनला यायचं, तेव्हा कोण उठायचं, ते लिहिलंत का?"

नव्हतं लिहिलं. ती उठायची.

तुझा,
काका